कांगारू मदर केअर वॉर्डात रुजवण्यावर पीएचडी: प्रश्न नेमका कसा मांडावा?

रानजाई | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार. मी सार्वजनिक आरोग्यात पीएचडी करतेय. कोर्सवर्क झालं, आता आराखडा मंजूर करून घ्यायचा आहे. विषय असा: कमी वजनाच्या बाळांसाठीची कांगारू मदर केअर (पुढे केएमसी म्हणते) जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत (आजारी आणि लहान नवजात बाळांचा विशेष विभाग) रोजच्या कामाचा भाग कशी होईल. इथे डॉक्टर, सिस्टर, संशोधक आणि अशा बाळांच्या आया, सगळेच आहेत. म्हणून धागा काढतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाळाला फक्त लंगोट, टोपडं आणि पायमोजे घालायचे. आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, गुडघे दुमडलेले, मान एका बाजूला वळवलेली, आणि वरून कापडाने बांधून घ्यायचं. आईची ऊब मिळते, दूध जवळ असतं, वॉर्डातल्या जंतूंपासून थोडा बचाव होतो. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी हे सुरू केलं, कारण तिथे इन्क्युबेटर अपुरे होते, एकात दोन-तीन बाळं ठेवावी लागत आणि जंतुसंसर्गाने बाळं दगावत.

आता पुरावा बघा. हरियाणात आठ हजारांहून जास्त बाळांवर घरच्या घरी केएमसीची चाचणी झाली, २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली: पहिल्या सहा महिन्यांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी. मग २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पाच देशांतली चाचणी, त्यात भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. १ ते १.८ किलोच्या बाळांना तब्येत स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच केएमसी दिली, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. २०२२ मध्ये संघटनेने शिफारस बदलली: लगेच सुरू करा, दिवसाला ८ ते २४ तास द्या. आपल्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना तर २०१४ पासूनच आहेत.

आणि तरीही मी ज्या वॉर्डांत बसले तिथे आई दिवसातून एकदा येते, तासभर बाळ घेते, परत जाते.

आमच्या समितीतल्या एका सरांनी विचारलं, "केएमसी सिद्ध झालेली आहे. मग यात नवीन काय? पीएचडीला नवं ज्ञान लागतं." माझं ठाम मत आहे की जे सिद्ध झालंय ते बाळापर्यंत का पोचत नाही, हे शोधणं हेच नवं ज्ञान आहे. पण ते मला नीट मांडता आलं पाहिजे. मदत करा.

डॉ_कऱ्हाडकर | सोमवार, रात्री १०:२०

बालरोगतज्ज्ञ आहे, सरकारी सेवेत बरीच वर्षं काढली. तळमळ समजते, पण मी थोडा तुमच्या सरांच्या बाजूने बोलतो. पुरावा आहे, मार्गदर्शक सूचना आहेत. मग जीआर काढा, प्रशिक्षण द्या, दर महिन्याच्या आढाव्यात केएमसीचा आकडा विचारा. हा प्रशासनाचा प्रश्न आहे. प्रशासन हलत नाही म्हणून त्यावर प्रबंध लिहायचा, हे मला अजून पटत नाही. पटवून द्या, ऐकायला तयार आहे.

विजया_सिस्टर | सोमवार, रात्री ११:५५

ड्यूटी संपवून लिहितेय. डॉक्टर, जीआर आमच्या वॉर्डात फाइलला लावलेला आहे. प्रशिक्षण माझंही झालंय, पोस्टर भिंतीवर आहे. मी एसएनसीयूत काम करते, तर सांगते काय होतं ते.

बाळ एसएनसीयूत आणि आई प्रसूती वॉर्डात. आमच्याकडे तो दुसऱ्या इमारतीत आहे. सिझेरियनच्या बाईला पहिले दोन दिवस जिना उतरून येता येत नाही, आणि नव्या शिफारशीप्रमाणे ते दोन दिवसच सगळ्यात महत्त्वाचे. ती आली तर बसणार कुठे? टेकून बसायची खुर्ची लागते, साध्या स्टुलावर तासाच्या वर कुणी बाळ छातीवर धरू शकत नाही. चौथ्या दिवशी आईला डिस्चार्ज मिळतो, बाळाला मिळत नाही. आता ती कागदोपत्री आमची पेशंटच नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तिच्या मोफत जेवणाची मुदत साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस. बाळाला तर तीन-तीन आठवडे राहावं लागतं. मग ती व्हरांड्यात झोपते, डबा तालुक्याहून येतो, नवऱ्याची मजुरी बुडते, घरी मोठं पोर असतं. अशी बाई दिवसाला आठ तास छातीशी बाळ घेऊन बसत नाही, आणि तिला कुणी बोल लावू नये.

आमच्या बाजूचंही सांगते. रात्री दोघी असतो. सलाइन लावलेलं बाळ उचलून आईजवळ द्यायचं तर एकीचे पंधरा मिनिटं जातात, आणि नळी निघाली तर जबाबदारी माझी. म्हणून नळ्या असलेलं बाळ आम्ही देत नाही. त्याला अज्ञान म्हणू नका, ती भीती आहे, आणि ती अनुभवातून आलेली आहे.

यातलं काहीही कुठल्याच जीआरमध्ये नाही.

रानजाई | मंगळवार, सकाळी ७:१०

सिस्टर, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. जेवणाच्या मुदतीचा मुद्दा एकाही शोधनिबंधात माझ्या नजरेला आला नव्हता.

डॉक्टर, तुम्हाला उत्तर देते. पुरावा सांगतो की केएमसी दिली तर बाळ वाचतं. ती द्यायला वॉर्डात काय काय बदलावं लागेल, कुणाचं काम वाढेल, कुणाचा पैसा लागेल, हे त्या चाचण्यांमध्ये नाही, कारण चाचणीत जादा माणसं असतात, जागा असते, लक्ष असतं. २०२१ च्या चाचणीत लगेच केएमसी मिळालेल्या गटाला अतिदक्षता विभागात दिवसाला साधारण १७ तास मिळाले, दुसऱ्या गटाला दीड तास. ते १७ तास शक्य झाले कारण आई आणि बाळ एकाच विभागात राहतील अशी व्यवस्था आधी उभी केली होती, आईचा पलंग बाळाशेजारी. मग माझ्या मते सिद्ध झाली ती पद्धत आणि ती व्यवस्था, दोन्ही मिळून. आपण सूचनांमध्ये पद्धत उचलली आणि व्यवस्था मागे राहिली.

डेल्फ्टकर | मंगळवार, दुपारी २:३५

नेदरलँड्समध्ये आरोग्यसेवा संशोधनात आहे, माझी पीएचडी याच प्रकारची होती. समितीसमोर उपयोगी पडतील अशा काही गोष्टी लिहितो.

या शाखेला, म्हणजे सिद्ध झालेल्या गोष्टी प्रत्यक्षात कशा रुजतात याच्या अभ्यासाला, आता स्वतःची चौकट आहे. 'इम्प्लिमेंटेशन सायन्स' नावाचं नियतकालिक २००६ पासून निघतं. २०११ मध्ये एनोला प्रॉक्टर आणि सहकाऱ्यांनी एक फार कामाची विभागणी केली: रुग्णावर झालेला परिणाम वेगळा आणि अंमलबजावणीचा परिणाम वेगळा. दुसऱ्यात लोकांना ती गोष्ट पटली का, जमली का, ठरल्याबरहुकूम झाली का, किती जणांपर्यंत पोचली, खर्च किती आला, टिकली का, अशा आठ गोष्टी मोजतात. समितीला सांगा की मृत्यू कमी होतात का हा तुमचा प्रश्नच नाही. तुमचा मोजायचा परिणाम आहे 'किती बाळांना, किती तास, किती महिने टिकून'. एवढं स्पष्ट मांडलं की 'नवीन काय' हा प्रश्न बराचसा विरघळतो.

एक इशाराही देतो. उत्तर प्रदेशात बेटरबर्थ नावाची मोठी चाचणी झाली, १२० आरोग्य केंद्रं, दीड लाखाहून जास्त बाळंतपणं. सुरक्षित प्रसूतीची एक तपासयादी, आणि ती वापरली जावी म्हणून परिचारिकांना आठ महिने प्रत्यक्ष मार्गदर्शन. दोन महिन्यांनी यादीतल्या आवश्यक गोष्टींपैकी सुमारे ७३ टक्के होत होत्या, तुलनेच्या केंद्रांत ४२ टक्के. मार्गदर्शन थांबल्यानंतर चार महिन्यांनी ७३ चे ६२ झाले. आणि २०१७ मध्ये निकाल आला तेव्हा माता-बालकांच्या मृत्यूत आणि मातांच्या गंभीर गुंतागुंतींत काही फरक नव्हता. म्हणजे वागणूक बदलूनही बाळाला फायदा पोचेलच असं नाही, आणि बदललेली वागणूक आपोआप टिकत नाही. प्रबंधात हे टाळू नका, उलट पहिल्या प्रकरणात घ्या. परीक्षक विचारणारच.

टिळकरोड | मंगळवार, दुपारी ४:०८

फार्मसीचा माणूस आहे, ओआरएसबद्दल एक जोड देतो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर कॉलऱ्याचे रुग्ण वाचवून दाखवले. तरी २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जुलाब झालेल्या बालकांपैकी ६०.६ टक्क्यांनाच ओआरएस मिळालं होतं.

का, याचा सुंदर अभ्यास २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून जास्त खासगी डॉक्टर-औषधवाल्यांकडे, जुलाब झालेल्या मुलाचा बाप असल्याचं भासवणारी प्रशिक्षित माणसं पाठवली. ओआरएस न देण्यामागची कारणं सुटी करून मोजली. साठा नसणं, महागडं औषध विकण्यातला नफा, ही आपल्याला वाटणारी कारणं जेमतेम ५-६ टक्के. सगळ्यात मोठं कारण, ४२ टक्के, म्हणजे पेशंटला ओआरएस नको असतं असा देणाऱ्याचा समज. प्रत्यक्षात लोकांना ते चालत होतं.

सांगायचं कारण असं: उपाय ठरवण्याआधी कारण मोजा. खुर्च्या घेतल्या आणि खरं अडलेलं असलं भीतीपाशी, तर खुर्च्या रिकाम्या राहतील.

अनघा_वऱ्हाड | मंगळवार, रात्री ९:१५

आई म्हणून लिहिते. माझी लेक साडेतेराशे ग्रॅमची होती. आज शाळेत जाते.

केएमसी मला सांगितली ती बाळ पाचव्या दिवसाचं झाल्यावर. लाज वाटत होती, ब्लाउज उघडून बसायचं आणि समोरून वॉर्डबॉय, डॉक्टर, दुसऱ्या बाळांचे वडील जात-येत असायचे. पडदा मागितला तर मिळाला नाही. टाके दुखायचे, मागे टेकलं की ओढ बसायची. लघवीला जायचं तर बाळ कुणाकडे द्यायचं? हा प्रश्न इतका साधा आहे, पण त्यामुळे मी पाणी कमी प्यायचे, आणि मग दूध कमी. सासूबाईंना वाटायचं ओल्या बाळंतिणीने उघड्या अंगाने बसू नये, वारा लागतो. त्यांचं चुकीचं म्हणून सोडून देऊ नका. एका सिस्टरने त्यांनाच जवळ बोलावलं, बाळाच्या पाठीला हात लावायला सांगितला, बघा किती गरम आहे. त्या दिवसापासून दुपारी त्या स्वतः बाळ छातीशी घ्यायच्या आणि मी झोपायचे. नवराही घ्यायचा.

रानजाई, तुझ्या अभ्यासात फक्त आईला मोजू नकोस. आजी, मावशी, बाप, सगळ्यांचे तास मोज.

रानजाई | मंगळवार, रात्री ९:५०

अनघाताई, मनापासून आभार. पडदा आणि 'दुसरी छाती' या दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या. लेकीला खूप प्रेम.

चामोर्शीकर | बुधवार, सकाळी ११:३०

गडचिरोलीच्या उल्लेखाशिवाय हा धागा पुरा होणार नाही, म्हणून लिहितो. तिथल्या 'सर्च' या संस्थेने अभय आणि राणी बंग यांच्या नेतृत्वाखाली ३९ गावांत घरोघरी नवजात बाळाची काळजी सुरू केली, अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेटला आला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६० टक्क्यांहून जास्त कमी. गावातली आरोग्यदूत बाई बाळ तोलायची, ताप बघायची, आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायची.

२०११ मध्ये हीच कल्पना आशांमार्फत देशभर गेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्याला सात, त्याबद्दल आशाला २५० रुपये. पण आशाच्या हातात इंजेक्शन दिलं गेलं नाही. भेटी, वजन, तापमान, सल्ला, संदर्भसेवा (गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं) एवढं राहिलं. देशभरासाठी असा बदल करणं योग्य होतं की त्यामुळे गाभ्यातलाच एक भाग निघाला, यावर माणसं आजही वाद घालतात. माझं मत दुसरं आहे, म्हणजे गाभा निघाला. जिथे गंभीर बाळ दवाखान्यापर्यंत पोचायला नदी ओलांडावी लागते तिथे सल्ला आणि संदर्भ पुरत नाही.

केएमसीतही हेच ठरवावं लागेल. तास कमी केले तर चालेल का? आईऐवजी आजी चालेल का? उशिरा सुरू केली तर? कुठली गोष्ट हलवता येते आणि कुठली हलवली की केएमसी केएमसी राहत नाही, हे तुमच्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण होऊ शकतं.

डॉ_कऱ्हाडकर | बुधवार, दुपारी १:०५

सिस्टरांचा आणि चामोर्शीकरांचा मुद्दा पटला. आईचा डिस्चार्ज आणि बाळाचा डिस्चार्ज वेगळा असणं ही गोष्ट आम्ही रोज बघतो आणि तिच्याकडे केएमसीचा अडथळा म्हणून कधी पाहिलं नाही. माझा आक्षेप मागे घेतो. आता सरकारी बाजूने दोन सूचना. जिल्हा शल्यचिकित्सकांची लेखी परवानगी आणि तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी, बाकी सगळं नंतर. आणि वॉर्डात बदल घडवून त्याचा परिणाम मोजणार असाल तर सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची अधिकृत नोंदवही) नोंदणी पहिल्या बाळाची नोंद होण्याआधी करा, नंतर केलेली नोंदणी मासिकं मानत नाहीत.

आणखी एक. रुग्णालयं निवडताना फक्त चांगल्या अधिकाऱ्यांची निवडू नका. उत्साही प्रमुख असला की सगळंच यशस्वी होतं आणि त्यांची बदली झाली की थांबतं. बदली होऊनही जिथे काम चालू राहिलं अशी एक जागा शोधा. तिथे शिकण्यासारखं जास्त असेल.

डेल्फ्टकर | बुधवार, संध्याकाळी ६:२०

डॉक्टरांच्या शेवटच्या मुद्द्याला दुजोरा. आणि रचनेबद्दल: चार-पाच रुग्णालयांत यादृच्छिक चाचणी (कुठल्या रुग्णालयात बदल करायचा ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं) करायला जाऊ नका, एवढ्या थोड्या समूहांत आकडेवारीची ताकद येत नाही आणि तुमची वर्षं परवानग्यांत जातील. त्यापेक्षा बदलाच्या आधी आणि नंतर दर आठवड्याचे तास मोजा, मालिका लांब ठेवा, आणि सोबत सिस्टर, आया, अधिकारी यांच्या सखोल मुलाखती. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने इथिओपियात आणि आपल्या हरियाणा, कर्नाटक, उत्तर प्रदेशात केएमसी रुजवण्याचं काम झालं, तिथेही एक नमुना करून बघायचा, अडलं तिथे बदलायचा, पुन्हा करून बघायचा, अशी पद्धत होती. ते निबंध नीट वाचा. महाराष्ट्रात त्यातलं काय लागू पडतं हा प्रश्न मोकळा आहे.

रानजाई | बुधवार, रात्री १०:३०

सगळ्यांचं ऐकून प्रश्न पुन्हा लिहिला, असा:

'जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत दाखल झालेल्या दोन किलोखालच्या बाळांना दिवसाला आठ तास केएमसी मिळण्यासाठी आईचं राहणं, जेवण, जागा आणि सिस्टरांच्या कामाची वाटणी यांत कोणते बदल लागतात, ते बदल कोणाच्या अधिकारात आहेत, आणि संशोधक निघून गेल्यावर त्यातले कोणते टिकतात?'

शेवटच्या भागासाठी मी वर्षभराने परत जाऊन मोजणार आहे, बेटरबर्थच्या अनुभवामुळे. गाइडनाही हे आवडलं. आता एकच मोठी अडचण आहे, मोजायचं कसं. मी पाहिलेल्या रजिस्टरमध्ये बाळापुढे नुसती बरोबरची खूण असते किंवा सगळ्या बाळांना सारखेच तास लिहिलेले असतात. मी दिवसरात्र बसून मोजू शकत नाही, आणि मी बसले की सगळे जास्त केएमसी देतात. वेगळा तक्ता बनवला तर?

विजया_सिस्टर | बुधवार, रात्री ११:४०

वेगळा तक्ता आणू नकोस ग. आमच्याकडे आधीच इतकी रजिस्टरं आहेत की पाळीचा शेवटचा तास लिहिण्यातच जातो. नवीन कागद आला की तो पाळी संपताना एकदम भरला जातो, म्हणूनच तुला सगळीकडे सारखे तास दिसले.

दूध पाजायच्या वेळा बघ. लहान बाळाला दर दोन-तीन तासांनी वाटी-चमच्याने नाहीतर नळीने दूध जातंच, रात्रीही, आणि किती मिली गेलं ते त्याच वेळी लिहावं लागतं, कारण डॉक्टर राउंडला तेच पहिलं बघतात. त्या रकान्याशेजारी एक अक्षर लिहायला सांग. बाळ त्या वेळी आईच्या छातीवर असेल तर 'आ', आजी-बाप कुणी असेल तर 'दु', वॉर्मरवर (बाळाला ऊब देणारं यंत्र) असेल तर 'वॉ'. याला कुणी नाही म्हणणार नाही.

डेल्फ्टकर | गुरुवार, दुपारी १२:१५

सिस्टर, ही उत्तम पद्धत आहे. दिवसातून आठ-दहा ठरावीक वेळांना बाळ कुठे होतं हे कळलं की तासांचा अंदाज निघतो, पाळी संपताना आठवून लिहिलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी भरवशाचा. एक काळजी घ्यावी लागेल: पाजण्यासाठी बाळ तेवढ्यापुरतं आईकडे दिलं असेल तर आकडा फुगेल. म्हणून सिस्टर येतील त्या क्षणी, पाजणं सुरू करण्याआधी बाळ कुठे होतं, तेच लिहायचं. रानजाई, काही निवडक दिवशी स्वतः बसून दोन्ही नोंदी ताडून बघ. तो ताळा हाच एक छोटा शोधनिबंध होईल, आणि त्यावर सिस्टरांचं नाव सहलेखिका म्हणून असायला हवं.

रानजाई | गुरुवार, रात्री ८:५५

नक्की असेल. सिस्टर, तुमची हरकत नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पहिला तक्ता तुम्ही सांगाल तसा छापून घेते, आणि रात्रपाळीला एक आठवडा वापरून बघू. अडलं तर तिथेच बदलू.

विजया_सिस्टर | गुरुवार, रात्री ११:५०

कर व्यनि. रकाना उजवीकडे ठेव, डावीकडे औषधांच्या वेळा असतात. आणि आमच्या इन्चार्ज सिस्टरांना आधी भेट, थेट डॉक्टरांकडून येऊ नकोस.